साखळीतून सोडवलेलं कुत्रं: शेल्टरमध्ये ठेवावं, की घरात?

वर्षातून दोन-तीनदा तरी मला असा फोन येतो. कुणाच्या मळ्यात, गोडाऊनमागं नाहीतर बंद बंगल्याच्या गच्चीवर वर्षानुवर्षं बांधून घातलेलं कुत्रं असतं. मालकाला कसंबसं पटवलेलं असतं आणि फोन करणारा विचारतो, "सोडवलंय ओ, पण आता ठेवू कुठं?"

वाटा दोनच. शेल्टरमध्ये द्यायचं, तिथं बरं झालं की कुणीतरी दत्तक नेईल. नाहीतर दोन-तीन महिने आपल्याच घरी ठेवायचं, माणसाळवायचं, आणि मग चांगलं घर बघून द्यायचं. याला आपल्याकडं फॉस्टर म्हणतात. लस, जंताचं औषध, नसबंदी हे दोन्हीकडं करावंच लागतं, त्यामुळं त्यावर वेळ घालवत नाही. मी दोन्ही वाटांनी गेलोय. पहिल्या वाटेनं आलेली हरणी आज माझ्या पायाशी झोपलीय. दुसऱ्या वाटेनं गेलेला बंड्या मिरजेत एका कुटुंबात आहे.

हरणी कारवान जातीची. जत-आटपाडीकडं ही उंच, सडपातळ कुत्री हौसेनं पाळतात. पळण्यासाठीच घडलेलं जनावर ते, आणि तासगावकडच्या एका द्राक्षबागेत, मोटारीच्या खोलीत, कोब्यावर, चार हात साखळीला बांधलेलं होतं. साखळी मानेच्या कातडीत रुतलेली होती. शेल्टरवाल्यांनी भूल देऊन ती कापून काढली, जखम रोज धुतली, गोचीडतापासाठी डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स एक दिवस न चुकवता पुरा केला. माझ्याकडं तेव्हा ती थेट आली असती, तर एवढं मला जमलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चार महिन्यांनी घरी आणली तेव्हा अंग भरलेलं होतं, केस तुकतुकीत होते, हात पुढं केला की हुंगायची. कागदोपत्री पूर्ण बरी.

आणि पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघरात, देवघरासमोर लघवी केली. त्यात नवल नव्हतं, नवी जागा होती. नवल दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी तासभर मैदानावर फिरवायचो. गवत, माती, मुरूम, सगळं हुंगायची, पण बसायची नाही. चपला काढून घरात पाऊल टाकतोय तोवर ही फरशीवर मोकळी व्हायची. रात्री अकराला, पहाटे पाचला, जेवणानंतर अर्ध्या तासानं, सगळ्या वेळा करून बघितल्या. एकदा तर चौदा तास धरून ठेवलं तिनं, पोट कडक झालं होतं. मी घाबरून डॉक्टरांकडं नेली, तर त्यांच्या दवाखान्याच्या फरशीवर झाली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. लघवीची जागा कुत्रं तळपायानं ठरवतं. पायाखाली नेहमी जे लागतं, तेच त्याला संडास वाटतं. हिची सगळी वर्षं कोब्यावर गेली होती. शेल्टरच्या केनेलमध्येही, म्हणजे कुत्री ठेवायच्या खोलीतही, सिमेंटच होतं, रोज सकाळी पाइपनं धुतलेलं, स्वच्छ. जिथं झोपायचं तिथंच करायचं आणि सकाळी कुणीतरी धुऊन टाकायचं. चार महिने प्रेमानं, मन लावून, तिची तीच जुनी सवय पक्की केली गेली होती. यात कुणाची हयगय नव्हती. तीस-चाळीस कुत्री आणि दोन माणसं असतील, तर प्रत्येकीला दिवसातून चार वेळा मातीवर कोण नेणार?

शेवटी मी एक शहाबादी फरशी आणून परसात टाकली. हरणी तिच्यावर बसली की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मग त्या फरशीवर मूठभर माती. चार दिवसांनी दोन मुठी. माती वाढत गेली, फरशी दिसेनाशी झाली, आणि एक दिवस ती फरशी सोडून पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली. अकरा आठवडे लागले. त्या अकरा आठवड्यांत आईनं किती वेळा फरशी पुसली आणि बायको किती वेळा गप्प राहिली, ते मला माहीत आहे. आमच्या घरात सगळ्यांची तयारी होती म्हणून ते निभलं. जी घरं आठवड्याभरात कुत्रं परत आणून देतात त्यांना मी पूर्वी नावं ठेवायचो, ते त्यानंतर सोडलं.

माझ्यापुरता निकाल इथंच लागला. दत्तक घ्यायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो: "घरात घाण करतंय का?" शेल्टरमधल्या माणसाला याचं उत्तर माहीत असू शकत नाही, कारण त्यानं ते कुत्रं कधी घरात बघितलेलंच नसतं.

रात्री कसं झोपतं, हे त्याला ठाऊक नसतं. कुकरच्या शिट्टीला काय करतं, डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याला भितं का, घरात एकटं राहिलं तर दार कुरतडतं का, तेही नाही. हरणी पंखा सुरू झाला की पोट जमिनीला टेकवून भिंतीकडेनं सरकायची, नजर वर. पत्र्याच्या शेडखाली पंखा आहे कुठं दिसायला!

बंड्याच्या वेळी म्हणून मी घरीच ठेवायचं ठरवलं. हा गावठी, तांबडा. कुपवाडच्या एका भाड्याच्या गोडाऊनमध्ये भाडेकरू निघून गेले आणि ह्याला आत सोडून गेले. शेजारचा वॉचमन फटीतून भाकरी टाकायचा, त्यावर जगला. बरगड्या मोजता येत होत्या.

घरी ठेवण्याचा पहिला फायदा खाण्यात दिसला. उपाशी कुत्रं बघितलं की आपला जीव तुटतो आणि आपण पातेलंभर भात-चिकन पुढं ठेवतो. ते जिवावर बेतू शकतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न, त्यातही भात-भाकरी, गेलं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम झपाट्यानं पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून पहिल्या दिवशी गरजेच्या साधारण पाव हिस्सा अन्न, तेही पाच-सहा वेळा वाटून, आणि मग डॉक्टरांना विचारत तीन-चार दिवसांत हळूहळू पूर्ण खुराकावर. आम्ही दर चार तासांनी वाटीभर द्यायचो, रात्रीचा गजर लावून. शेल्टरमध्ये जेवण सहसा एकदा-दोनदाच येतं, आणि शेजारचं दांडगं कुत्रं भुंकत असेल तर भित्रं कुत्रं तेही सोडून देतं.

दुसरा फायदा मातीचा. आल्या दिवसापासून बंड्याला परसातच नेलं. दर दोन तासांनी, पट्टा लावून, त्याच पेरूखाली. पाचव्या दिवसापासून घर कोरडं. फार विशेष काही केलं नाही, फक्त चुकीची सवय लागायला वेळच दिला नाही. दोन कुत्र्यांवरून नियम काढू नये हे मला कळतं. बंड्या वयानंही लहान होता. पण अकरा आठवडे आणि पाच दिवस यांतला फरक मी स्वतः पुसून काढलाय, त्यामुळं माझं मन कुठं झुकतं हे लपवण्यात अर्थ नाही.

आता शेल्टरचं पारडं. काही वेळा तिथंच द्यावं, घरी ठेवायचा हट्ट करू नये. पार्व्हो किंवा डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या, झपाट्यानं पसरणाऱ्या रोगांचा संशय असेल आणि घरात आधीच कुत्रं असेल, तर मुळीच नाही. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, एक वर्षही. बाकी कोणतंही नवं कुत्रं पहिले चौदा दिवस घरच्या कुत्र्यापासून वेगळं ठेवायचं, वेगळं भांडं, वेगळी चादर. तेवढी स्वतंत्र खोली नसेल तर शेल्टर बरं. जखमेत अळ्या पडल्या असतील, दिवसातून दोनदा ड्रेसिंग लागणार असेल, किंवा जननेंद्रियावरच्या गाठीसाठी दर आठवड्याला व्हिनक्रिस्टीनचं इंजेक्शन असेल, तर सरावलेला हात हवा. कुत्रं चावरं असेल आणि घरात लहान मूल असेल, तर विचारही करू नका. आणि एक गोष्ट मी हरणीकडून शिकलो: अतिशय भेदरलेलं कुत्रं माणसाकडून धीर घेत नाही, दुसऱ्या शांत कुत्र्याकडं बघून घेतं. शेल्टरमधली एक म्हातारी कुत्री हरणीच्या आधी माझ्या हातातला तुकडा घ्यायची, मग ही घ्यायची. घरात दुसरं कुत्रं नसेल तर ही शाळा मिळत नाही. बंड्याला हरणी होती, हे त्याचं नशीब.

कायद्याचंही बघावं लागतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे आखूड नाहीतर जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. त्यामुळं मळेकऱ्याशी गोडीनं बोलून, "हे कुत्रं मी स्वखुशीनं देत आहे" एवढं कागदावर लिहून, सही घेऊन आणणं मला जास्त कामाचं वाटतं. हा कागद घेतल्याशिवाय कुत्रं हलवू नका. महिन्यानं कुत्रं गुबगुबीत झालं की "आमचं होतं" म्हणणारे येतात. पण प्रकरण फार वाईट असेल आणि तुम्ही पोलिसांत गेलात, तर कुत्रं खटल्यातला मुद्देमाल होतं. मग ते कुठं राहील हे न्यायदंडाधिकारी ठरवतात. २०१७ च्या नियमांत त्यासाठी पांजरपोळ, प्राणी कल्याण संस्था अशा जागा सांगितल्या आहेत. तिथं शेल्टरला पर्याय नाही, आणि निकालाआधी ते परस्पर कुणाला दत्तकही देता येत नाही.

शेल्टर निवडताना मी दोन गोष्टी बघेन. एक, केनेलबाहेर मातीचं आवार आहे का आणि कुत्री तिथं रोज खरंच सोडतात का. त्यांच्या पायांचे ठसे मातीत दिसतात का, ते वाकून बघा. दुसरी, पाणी कुठवर येतं. सांगलीत हे सांगावं लागत नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा बांधलेल्या जनावरांचं काय झालं हे आपण पाहिलंय. इशारा पातळीला, म्हणजे ४० फुटांना, कुत्री कुठं हलवणार, याचं उत्तर त्यांच्याकडं तयार पाहिजे.

घरी ठेवणार असाल तर आधी स्वतःची रेबीजची लस घ्या. चावण्याआधी घ्यायचे डोस वेगळे असतात: पहिला दिवस, सातवा, आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. तरीही ओरखडा उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. फिरवताना पहिला महिना दोन पट्टे, एक गळ्यात आणि एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला. बिथरलेलं कुत्रं मान मागं ओढून गळपट्ट्यातून सटकतं. घाबरून एकदा लांब गेलं की ते नावाला ओ देत नाही, कारण नाव त्याला अजून कळलेलंच नसतं.

घरी ठेवण्यातली खरी जड गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे देणं. बंड्या अडीच महिने राहिला. शेवटी शेवटी तो आईच्या पूजेच्या वेळी दाराशी बसून घंटी वाजायची वाट बघायचा. मिरजेचं कुटुंब मनासारखं होतं. दोघं शिक्षक, मोठी मुलगी, परसात माती. दिवाळीचे फटाके संपेपर्यंत मी दिला नाही, नव्या घरात पहिला आवाज तोफेचा नको म्हणून. त्याआधी ते सगळे चार रविवारी आले, त्याला स्वतः फिरवून आणलं, पंख्याखाली बसवलं, कुकर लावून बघितला. त्याची झोपायची चादर न धुता बरोबर दिली, वासासाठी. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं: एकटा तीन तास राहतो, चौथ्या तासाला रडतो. दही आवडतं, दूध पचत नाही. काठी हातात घेतलेल्या माणसाला भितो, म्हणून झाडू त्याच्यासमोर उचलू नका. हरणीला आणताना यातलं एकही मला कुणी सांगू शकलं नव्हतं.

गाडी गेल्यावर हरणी दोन दिवस फाटकाशी बसून होती. आईनं मला स्पष्ट सांगितलं, "पुन्हा आणणार असशील तर आधी मला विचार." म्हणून मीही फोन करणाऱ्याला सांगतो, घरातल्या ज्या माणसाचा जीव सगळ्यात आधी गुंतणार आहे, त्याला आधी विचारा. ते नको म्हणाले, तर शेल्टरला द्या आणि दर रविवारी जाऊन त्या कुत्र्याला मातीवर फिरवून आणा. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडेल असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मिरजेहून फोन आला. ताई सांगत होत्या, "दादा, पहाटे चारला उठला ओ. आम्हाला वाटलं आता रडणार. तर मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडं बघत. दार उघडलं, पायरी उतरून मातीत गेला, करून आला, आणि परत येऊन चादरीवर झोपला."