गावासाठी ‘ड्रोन गन’ घ्यायची का? लेझर, मायक्रोवेव्ह आणि जॅमर

सोयाबीन खळ्यावर आलं, कापूस वेचणीला लागला की जागलीवर माणसं वाढतात, आणि आकाशातले दिवेही जास्त नजरेत भरतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनची धास्ती गावोगाव पसरली होती. त्याचे व्हिडिओ विदर्भातही मोबाईलवर फिरले. तेव्हापासून माझ्या दुकानात अधूनमधून एक मागणी येते: “भाऊ, ते ड्रोन पाडायची गन पाहून द्या ना, सारं गाव वर्गणी काढून राहिलं.”

मी पंपाचे स्टार्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर आणि झटका मशीन दुरुस्त करतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू कशाने मरते हे रोज हाताखालून जातं. म्हणून वर्गणीची पावती फाटायच्या आधी हे वाचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: गावाने यातलं एकही यंत्र घेऊ नये. पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक यंत्र काय करतं ते नीट पाहू.

लेझर

हा समजायला सगळ्यात सोपा. उन्हात भिंग धरून कागद जाळतो तसा प्रकार, फक्त किरण दूरच्या एका ठिपक्यावर काही सेकंद धरून ठेवायचा. ड्रोनचं प्लास्टिक वितळतं, पंखा किंवा वायर जाते, कॅमेरा तर त्याच्याही आधी आंधळा होतो. डीआरडीओने, म्हणजे देशाच्या संरक्षण संशोधन संस्थेने, १३ एप्रिल २०२५ ला आंध्रातल्या कर्नूलच्या चाचणी क्षेत्रात ३० किलोवॉटच्या लेझर यंत्रणेने ड्रोन पाडून दाखवले. ३० किलोवॉट म्हणजे पाच एचपीच्या आठ पंपांची ताकद एका ठिपक्यावर. तेवढा किरण काढायला आत जाणारी वीज त्याहून बरीच जास्त लागते, आणि यंत्र थंड ठेवायचं लचांड वेगळं. ब्रिटनने त्यांच्या ‘ड्रॅगनफायर’ लेझरच्या एका माऱ्याचा खर्च १० पौंडांच्या आत, म्हणजे हजारभर रुपये सांगितला. तो आकडा ऐकून लोक हुरळतात. पण तो फक्त माऱ्याचा खर्च आहे. यंत्र एका देशाच्या संरक्षण खात्याने बांधून घेतलेलं आहे.

शिवाय लेझर एका वेळी एकच ड्रोन पाडतो, आणि धुकं, पाऊस, धूळ यांत तो विखुरतो. कार्तिकातली पहाट किंवा थ्रेशर चालू असलेलं खळं आठवा. बाजारात मिळणारा हिरवा लेझर ड्रोनचं प्लास्टिक कोमटही करत नाही. डोळ्यांची मात्र कायमची वाट लावू शकतो, आणि नागपूरला उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाच्या डोळ्यांवर गेला तर काय होईल ते सांगायला नको. तो पोरांच्या हाती देऊच नका.

मायक्रोवेव्ह

यात उष्णतेने भोक पडत नाही. मोठ्या अँटेनातून रेडिओ लहरींचा जबरदस्त झटका सोडतात. तो ड्रोनच्या वायरींमध्ये, बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांमध्ये व्होल्टेज निर्माण करतो. आतल्या चिप ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या. त्यांना हा ताण सोसत नाही. झटका हलका असेल तर बोर्ड गोंधळून रीस्टार्ट होतो, जोराचा असेल तर कायमचा जातो.

हे नुकसान कसं दिसतं ते मृग लागला की मी आठवडाभर पाहतो. आभाळातली वीज थेट पंपाच्या पेटीवर क्वचितच पडते. ती दूर कुठेतरी पडते आणि लाइनीतून ताण येतो. मोबाईल स्टार्टर (फोनवरून पंप चालू-बंद करणारा) उघडला की आत जादा ताण झेलणारी वाटाण्याएवढी निळी चकती फुटून काळी झालेली असते, जळका वास येतो. ती बदलायला दहा मिनिटं. तरी स्टार्टर उठत नाही. मग शेजारची चिप पाहावी तर तिच्यावर एक ओरखडा नाही, अक्षरंसुद्धा चकचकीत, आणि आतून मेलेली. मालकाला पटवणं कठीण जातं, कारण दाखवायला काही नसतं. मायक्रोवेव्हचा मारा असाच न दिसणारा आहे. लेझरने पडलेला ड्रोन जळका सापडेल, याने पडलेला नवाकोरा दिसू शकतो.

याची मोठी ताकद म्हणजे झोत रुंद असतो, त्यामुळे ड्रोनचा थवाच्या थवा एकदम खाली येतो. अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेने ‘थॉर’ नावाचं असं यंत्र एप्रिल २०२३ मध्ये न्यू मेक्सिकोत थव्यावर चालवून दाखवलं. ते २० फुटी कंटेनरमध्ये मावतं. ब्रिटिश सैन्याने २०२५ मध्ये चाचणी घेतलेल्या यंत्राचा पल्ला सुमारे एक किलोमीटर, आणि माऱ्याचा खर्च १० पेन्स, म्हणजे दहा-बारा रुपये. लेझरपेक्षा हे स्वस्त आणि जलद, पावसाधुक्याची फारशी पर्वाही नाही. सैन्याच्या दृष्टीने मला हेच यंत्र जास्त मोलाचं वाटतं.

पण ज्या रुंद झोतामुळे थवा पडतो, तोच गावात घातक. झोताच्या वाटेत जे येईल ते सगळं त्याचं. वावरातला मोबाईल स्टार्टर, सोलर कंट्रोलर, आरोग्य केंद्रातल्या लशीच्या फ्रीजचा बोर्ड, एखाद्या आजोबांचा पेसमेकर. यंत्र मित्र ओळखत नाही.

ऑनलाइन हजार-दोन हजारात जे ‘ईएमपी’ (विद्युतचुंबकीय झटका) नावाचे डबे दिसतात, त्यांचं गणित सोपं आहे. अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर एक चतुर्थांश होतो. एक मीटरवर जेवढा जोर, त्याचा शंभर मीटरवर दहा हजारावा भाग. टेबलावरचं कॅल्क्युलेटर अडकवणारा डबा आभाळातल्या ड्रोनला हात लावू शकत नाही. “एका झटक्यात अख्खा इलाका बंद” हे जे ऐकवतात ते अणुस्फोटाबद्दल खरं आहे: ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर बॉम्ब फोडला, आणि सुमारे १४०० किलोमीटरवरच्या हवाई बेटांवर रस्त्यांवरचे काही दिवे बंद पडले. ते खेड्यात विकत मिळत नाही.

जॅमर

फोटोत दिसणारी बंदुकीसारखी ‘ड्रोन गन’ बहुतेक वेळा ही असते. ती काहीच जाळत नाही. ड्रोन आणि रिमोट ज्या २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर बोलतात तिथे गोंगाट घालते, कधी जीपीएसवरही. रिमोटशी संपर्क तुटला की ड्रोन त्याच्यात आधी भरलेल्या हुकमाप्रमाणे जागीच थांबतो, खाली उतरतो किंवा निघालेल्या जागी परत जातो. जीपीएसही गेला तर वारा नेईल तिकडे भरकटतो. रिमोटशिवाय ठरलेल्या वाटेने उडणाऱ्यावर जॅमरचा जोर कमी पडतो, आणि युक्रेनच्या युद्धात मागे ऑप्टिकल फायबरची तार सोडत उडणारे ड्रोन आले, त्यांच्यावर तो चालतच नाही.

तिघांत हाच स्वस्त आणि हाताळायला हलका, म्हणून गावाची नजर याच्यावर जाते. आणि इथेच कायदा आडवा येतो. भारतात जॅमर फक्त सरकारने परवानगी दिलेल्या यंत्रणांनाच वापरता येतो. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे की खाजगी माणसाने, संस्थेने तो घेणं, विकणं, वापरणं बेकायदा आहे. ग्रामपंचायतीचा ठराव केला म्हणून हे बदलत नाही. पावतीवर ज्यांची नावं, तेच अडकतील.

कायदा बाजूला ठेवला तरी हे यंत्र मला गावात नको वाटतं. हलक्या प्रतीच्या जॅमरचा गोंगाट ठरलेल्या पट्टीत राहत नाही, शेजारी मोबाईलच्या पट्टीत सांडतो. रात्री दोन वाजता कोणाच्या घरी बाळंतीण अडली आणि १०८ ला फोन लागला नाही, तर त्याचा जाब कोण देणार?

पडल्यावर काय?

हा प्रश्न गावात कोणी विचारतच नाही. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन भरल्यावर २५ किलोच्या आसपास जातो. तो कापसाच्या गंजीवर, कुटारावर किंवा कोणाच्या कौलांवर पडला तर? लिथियमची बॅटरी फुटली की आग पाण्याने पटकन विझत नाही. आणि तो ड्रोन चोराचाच कशावरून? गावठाणाची मोजणी ड्रोनने होते, बचत गटाच्या ड्रोन दीदी फवारणी करतात, वन विभाग वाघावर नजर ठेवतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला आधी परवानगीही लागत नाही.

नागपूरच्या कंपनीच्या ‘भार्गवास्त्र’ या ड्रोन पाडणाऱ्या यंत्राचं नाव कोणीतरी काढतंच, आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. १३ मे २०२५ ला ओडिशातल्या गोपाळपूरला त्याची चाचणी झाली. पण ते छोट्या रॉकेटांचं यंत्र आहे, सैन्यासाठी. पुलगावच्या दारूगोळा भांडारासारखी जागा सांभाळायची असती तर मी म्हटलं असतं: आधी जॅमर, थव्यासाठी मायक्रोवेव्ह, स्वच्छ हवेत एकट्या ड्रोनसाठी लेझर. गावाची गरज तशी नाही. गावाला ड्रोन पाडायचा नाही, तो कोणाचा आहे हे कळायला हवं, आणि ते या तिन्हींपैकी एकही यंत्र सांगत नाही.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या रात्री, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातून मोठं धातूचं कडं पडलं. लोकांनी पोलिसांना कळवलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले, आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं पुढे आलं. ड्रोनच्या बाबतीतही हाच रस्ता आहे. दिवा दिसला की वेळ, दिशा, आवाज येतो का, दिवा लाल-हिरवा आहे का हे लिहून ठेवा. व्हिडिओत झाड किंवा घराचा कोपरा येऊ द्या, नाहीतर शुक्राची चांदणीही ड्रोन दिसते. एका रांगेत सरकणारे दिवे बहुधा उपग्रह असतात. मग ११२ ला फोन करा. वर्गणी जमलीच असेल तर ती खळ्यावरच्या दिव्यांना आणि जागल्याच्या मजुरीला लावा. आणि ड्रोन खरंच वावरात पडलेला सापडला तर फुगलेल्या बॅटरीला हात न लावता आधी अंगावरच्या नोंदणी क्रमांकाचा फोटो काढा. क्रमांक असेल तर त्यावरून पोलिसांना मालकापर्यंत पोचता येतं.