आयात केलेली हायड्रॉलिक प्रेस: दाब उत्तम, संरक्षण नावापुरते

पत्र्याच्या लहान भागांना आकार देण्यासाठी आमच्या कार्यशाळेत गेल्या वर्षी परदेशातून आलेली ४० टनी हायड्रॉलिक प्रेस घेतली. यंत्र म्हणून तिच्यात खोट काढता येणार नाही. सांगाडा भक्कम आहे, दाब धरून राहतो आणि तेल कुठूनही गळत नाही. पहिले काही दिवस याच कारणाने आम्ही समाधानी होतो, आणि चूक झाली ती तिथेच, कारण प्रेस किती चांगले काम करते हे रोज दिसते, पण ती हात वाचवते की नाही हे मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही.

रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली आणण्यासाठी दोन बटणे आहेत. दोन्ही हात बटणांवर गुंतलेले राहावेत, म्हणजे एकही हात डायमध्ये, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, जाणार नाही, हा त्यामागचा उद्देश. आयएसओ १३८५१ या मानकानुसार सर्वांत कडक प्रकारच्या रचनेत दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच हालचाल सुरू व्हायला हवी, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढची फेरी सुरू होता कामा नये. आम्ही डाय काढून एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले आणि दुसरे दाबत राहिलो. रॅम प्रत्येक वेळी खाली आला. कामाची घाई असलेला कारागीर ही युक्ती पहिल्याच आठवड्यात शोधून काढतो, हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे वाटत नाही. शिवाय बटणांमधले अंतर इतके कमी आहे की एकाच हाताचा अंगठा आणि करंगळी दोन्हींवर पोहोचतात.

बटणे डायपासून जेमतेम २५ सेंटीमीटरवर आहेत. सुरक्षित अंतर ठरवताना हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे जातो असे धरले जाते. आमच्या मोजणीत बटण सोडल्यावर रॅम थांबायला सुमारे ०.३ सेकंद लागले, आणि तेवढ्या वेळात हात ४८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे बटणे नियमाप्रमाणे चालली असती तरीही रॅम थांबण्याआधीच बोटे डायमध्ये पोहोचली असती.

इमर्जन्सी स्टॉपचे बटण पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल आहे, दिसायला अगदी नियमात बसणारे. पॅनेल उघडल्यावर मात्र दिसले की त्याची तार फक्त कंट्रोलरच्या एका इनपुटला जोडली आहे. कंट्रोलर अडकला किंवा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटून बसला तर ते बटण दाबून काहीही होणार नाही. अर्थिंगची तार रंग दिलेल्या पत्र्यावर तशीच आवळलेली होती. रंग खरवडून ती पुन्हा बसवणे हे दहा मिनिटांचे काम होते, तेवढेच आम्हाला स्वस्तात पडले.

नेमप्लेटवर सीई चिन्ह आहे, म्हणजे यंत्र युरोपीय सुरक्षा नियमांत बसते असा दावा. अक्षरांमधल्या अंतरावरून खरे-खोटे ओळखण्याची जी चर्चा सर्वत्र ऐकू येते तिच्यावर विसंबू नये. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत हे चिन्ह उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यामुळे प्रमाणात छापलेले चिन्हसुद्धा कुणा त्रयस्थाने यंत्र तपासल्याचा पुरावा ठरत नाही. त्यापेक्षा पाटीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, निर्मितीचे वर्ष आणि अनुक्रमांक आहे का, आणि अनुरूपतेच्या घोषणापत्रात (यंत्र नियमांत बसते असे उत्पादकाने लिहून दिलेल्या कागदात) त्याच मॉडेलचा उल्लेख आहे का, हे पाहावे. आमच्या पाटीवर पत्ता नव्हता आणि घोषणापत्र वेगळ्याच मॉडेलचे निघाले.

सेफ्टी रिले (बिघाड झाला तरी यंत्राची वीज तोडणारे उपकरण), योग्य अंतरावर नवे बटण-स्टँड, बाजूंना इंटरलॉक असलेले, म्हणजे उघडताच यंत्र थांबवणारे, गार्ड आणि नव्याने केलेले वायरिंग या सगळ्यावर इतका खर्च आला की स्वस्त खरेदीत वाचलेली रक्कम पुरली नाही. ते पूर्ण होईपर्यंत प्रेस बंदच होती. आता ती बिनधोक चालते, पण त्याचे श्रेय विकणाऱ्याला देता येत नाही. आयातदाराकडे आमच्या मॉडेलचे घोषणापत्र आणि विद्युत आकृती लेखी मागितली, तेव्हा त्याने उत्तरादाखल आमच्याच यंत्रावरील नेमप्लेटचे छायाचित्र पाठवले.