घराचे फोटो: एआयकडे द्यायचे, एडिटरकडे, की दोघांकडे?

विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या घराचे फोटो काढून झाले, आता ते नीट कोणी करायचे? एआय टूल काही मिनिटांत देतं, एडिटर बहुधा दुसऱ्या दिवशी. नुसता वेळ आणि पैसा बघितला तर निकाल लागल्यातच जमा. पण कामं वेगवेगळी आहेत.

उजेडाच्या कामात एआय तरबेज आहे. आतले फोटो सहसा ब्रॅकेटिंगने घेतात: एकाच जागेचे कमी-जास्त उजेडाचे 3 किंवा 5 फोटो, बरेचदा 2 स्टॉपच्या अंतराने, म्हणजे दर फोटोत उजेड चौपट. एकात खिडकीबाहेरचं झाड दिसतं, दुसऱ्यात सोफ्यामागचा कोपरा. ते जुळवणं, कललेल्या भिंती सरळ करणं यासाठी माणसाचे तास घालवणं मला तरी पटत नाही.

रंगापाशी मात्र पारडं फिरतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळ्या बल्बचा 3000 केल्विनच्या आसपास, खिडकीतला दिवसाचा 5500 च्या. एकच भिंत अर्धी पिवळी, अर्धी निळसर दिसते. एआय ती पांढरी करून मोकळं होतं. मूळ रंग क्रीम असला तर? एडिटर फोन करून विचारतो. त्याला पैसे देता ते बरेचसे या प्रश्नाचे.

आकाश बदलायची सोय फोटोशॉपमध्ये 2020 पासून आहे. आकाश निळं होतं, पण अंगणात सावली नसते आणि खिडकीच्या काचेत जुनेच ढग तरंगत असतात. चांगला एडिटर काचही बदलतो, किंवा आकाश फिकटच ठेवतो.

खरी भीती वस्तू काढण्या-घालण्यात. खुर्ची पुसली की तिच्यामागे काय होतं ते एआय अंदाजाने भरतं. त्यात स्विचबोर्ड गायब होतो, खिडकी रुंदावते. व्हर्च्युअल स्टेजिंगमध्ये, म्हणजे रिकाम्या खोलीच्या फोटोत खोटं फर्निचर मांडताना, जेमतेम एक पलंग मावेल अशा खोलीत डबल बेड ऐसपैस बसतो. माणूसही सांगितलं तर ओल पुसून देतो, तो काही संत नव्हे. पण काय बदललं ते तो सांगू शकतो. माझा नियम सोपा आहे: मालकाबरोबर जाणारी वस्तू पुसावी, घराबरोबर राहणारी नाही. वाळत घातलेले कपडे चालतील. भिंतीची भेग आणि समोरचा विजेचा खांब राहू द्या. स्टेजिंग केलंच तर तसं लिहा आणि शेजारी रिकाम्या खोलीचा फोटो ठेवा.

दोघांकडून करून घ्यायचं, तर पहिला हात एआयचा, शेवटचा एडिटरचा. मात्र एडिटरला मूळ रॉ फाइल्स द्या, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती असलेल्या. एआयने तयार केलेल्या जेपेगमध्ये खिडकी एकदा पांढरीफटक झाली की त्यातून झाड परत आणता येत नाही. शिवाय एडिटर सगळे फोटो एकत्र लावून बघतो. तोच ओटा एका फोटोत राखाडी, दुसऱ्यात निळा, हे तेव्हाच डोळ्यांत येतं.

छोटी भाड्याची खोली आणि फोटो आजच हवेत, तर एआय पुरे. मूळ फोटोशी ताडून मात्र बघा. आरसे, लाकूड, मोठ्या काचा असतील किंवा घेणारा लांबून फोटोंवरच ठरवणार असेल, तर दोघे. वास्तुरचनाकाराच्या पोर्टफोलिओसाठी मी पहिल्यापासून एडिटरकडेच जाईन.

अजूनही ठरत नसेल तर 3 फोटो निवडा: आरशाचं बाथरूम, बल्ब आणि ऊन दोन्ही असलेली खोली, मोठ्या खिडकीचा हॉल. तेच तिन्ही दोन्हीकडे द्या. परत आले की 100 टक्के झूम करून खिडकीचे गज मोजा, फरशीच्या रेषा बघा, आणि आरशातला नळ खऱ्या नळाशी जुळतो का ते तपासा.