भाषणांचा क्लब की थिएटर गेम्स?

अप्रेझलमध्ये ‘संवादकौशल्य वाढवा, जरा वेगळा विचार करा’ असा शेरा पदरात पडला की पुण्यासारख्या शहरात दोन रस्ते समोर येतात. एक, टोस्टमास्टर्स किंवा त्या धर्तीवरचा भाषणांचा क्लब. दुसरा, थिएटर गेम्सचं, म्हणजे नाटकवाल्यांच्या खेळांचं शिबिर, ज्याला हल्ली इम्प्रोव्ह वर्कशॉप म्हणतात. तिसरा रस्ता एचआरने हॉटेलात ठेवलेल्या ट्रेनिंगचा. तिथलं जेवण चांगलं असतं, एवढं सांगून त्याला इथेच सोडतो.

पहिले दोन्ही मी करून पाहिले. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे. माझं निम्मं बोलणं रिजेक्शनच्या ट्रॉलीशेजारी उभ्याने होतं आणि उरलेलं सीएफटी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या एकत्र मीटिंगमध्ये. तुमचं काम सेल्सचं किंवा शिकवण्याचं असेल तर मी पुढे जे म्हणतोय ते थोडं उलटं धरून वाचलंत तरी चालेल.

क्लबची रचना बहुतेकांना ऐकून माहीत असते. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान्ता आना गावी, वायएमसीएच्या इमारतीत टोस्टमास्टर्स सुरू केलं आणि शंभर वर्षं साचा फारसा हललेला नाही. तो टिकला याचं मोठं श्रेय मला वाटतं घड्याळाला आहे. पहिलं भाषण चार ते सहा मिनिटांचं. आयत्या वेळी विषय देऊन उभं करतात ते ‘टेबल टॉपिक्स’ एक ते दोन मिनिटांचं. तुमच्या भाषणावर बोलणाऱ्यालाही दोन-तीन मिनिटंच. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे लागत जातात. हे सरावाने अंगात उतरतं. पूर्वी महिन्याच्या रिव्ह्यूत एक स्लाइड समजावताना प्लांट हेड मोबाइल काढायचे. आता लाल दिवा मनातच लागतो. घशाला पडणारी कोरड क्लबमध्ये निश्चित जाते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इंग्रजीतून उभ्याने बोलायची भीती हाच तुमचा खरा प्रश्न असेल, तर पुढचं वाचण्यापेक्षा जवळचा क्लब शोधा.

माझं गाडं अडलं ते ‘अ‍ॅ काउंटर’वर. सभेत एका सदस्याकडे हे काम असतं. कोण किती वेळा ‘अ‍ॅ’, ‘अं’, ‘म्हणजे’, ‘सो’, ‘बेसिकली’ म्हणालं याच्या खुणा करायच्या आणि शेवटी उभं राहून नावानिशी वाचून दाखवायच्या. काही ठिकाणी दर ‘अ‍ॅ’मागे नाणं टाकायला डबाही फिरवतात. व्यासपीठावरच्या भाषणासाठी हे औषध उत्तम आहे, आणि मलाही लागू पडलं. पण त्याने कानाला एक सवय लागते आणि ती सभेपुरती राहत नाही. लाइनवर ऑपरेटर काही सांगू लागला की माझा कान आधी त्याच्या अडखळण्याकडे जायचा.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ऑपरेटर धडाधड बोलतो तेव्हा तो साहेबांना ऐकायचं तेच बोलत असतो: ‘मशीन ओके आहे, सेटिंग ओके आहे.’ तो जेव्हा ‘नाही म्हणजे… तसं काही नाही साहेब, पण ते… रात्रपाळीला जरा…’ असं चाचरतो, तेव्हा खरा माल येत असतो. ते चाचरणं संपेपर्यंत थांबायची कला माझ्या कामात सगळ्यात महाग आहे, आणि माझा कान नेमका तिथेच खुणा करायला शिकला होता. दोष क्लबचा म्हणत नाही. तिथे माणसाला नीट बोलायला शिकवायचं असतं, त्याला दुसऱ्याच्या अर्धवट वाक्यापाशी ताटकळत ठेवणं हा त्यांचा उद्देशच नाही. पण माझा पगार त्याच गोष्टीचा आहे.

थिएटर गेम्सकडे वळलो तो एका नाटकवेड्या सहकाऱ्यामुळे. यातले बरेच खेळ व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोत, स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करताना बसवले. समोर भाषा वेगवेगळ्या असलेली मुलं, त्यामुळे पाठांतर नाही, समजावून सांगणं नाही, थेट खेळ. दुसरं नाव कीथ जॉनस्टन यांचं, जे लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमधून पुढे कॅनडात गेले. शिबिरात ही नावं कोणी घेत नाही आणि त्याने काही अडतही नाही.

एक खेळ असा: गोलात उभं राहून प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा आणि सगळ्यांची मिळून गोष्ट पुढे न्यायची. मनात छान वाक्य जुळवून ठेवलेलं असतं आणि शेजारचा ‘म्हैस’ म्हणतो. जुळवलेलं टाकून द्यावं लागतं, कारण आता गोष्टीत म्हैस आहे. मीटिंगमध्ये आपण दुसऱ्याचं ऐकत नसतो, आपला नंबर यायची वाट बघत असतो. हे मला कोणी सांगून पटलं नसतं. म्हशीने पटवलं.

दुसरा खेळ पत्त्यांचा. प्रत्येकाने एक पान न बघता कपाळावर धरायचं. आपलं पान आपल्याला दिसत नाही, इतरांना दिसतं. ज्याच्या कपाळावर राजा त्याच्याशी राजासारखं वागायचं, दुरीवाल्याशी दुरीसारखं. दोन मिनिटांत दुरीवाल्याला आपण दुरी आहोत हे कळतं, कारण त्याचं वाक्य कोणी पूर्ण होऊ देत नाही. ज्या कंपनीत कॅन्टीनमध्ये स्टाफचं टेबल वेगळं असतं, तिथल्या माणसाला या खेळावर जास्त भाष्य लागत नाही.

आता ‘वेगळा विचार’ या रकान्याबद्दल. क्लबमध्ये कल्पकता भाषणाच्या मांडणीत येते: किस्सा, सुरुवात, शेवट. ती एकट्याने घरी बसून करायची असते. शिबिरातली कल्पकता दुसऱ्याच्या वाक्यावर उभी राहते. तिथला पहिला नियम म्हणजे समोरच्याने जे मांडलं ते मान्य करून त्यात भर घाला, ‘हो, आणि…’. आमच्या मीटिंगा ‘हो, पण…’वर चालतात. एका जॉबची, म्हणजे सुट्या भागाची, फिक्श्चरमध्ये (तो पकडून ठेवणाऱ्या साच्यात) उलटी बसवणूक होत होती. कारण शोधायचे नेहमीचे प्रकार, म्हणजे फाइव्ह व्हाय झाले, फिशबोन भिंतीवर लागला, पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) म्हणून फिक्श्चरला पिन बसवायची ठरलं आणि तिला लागणारा वेळ बघून सगळे गप्प झाले. तेवढ्यात एक ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, पेटीतच ते सरळ आले तर?’ माझ्या जिभेवर आलं होतं, ‘हो, पण पॅकिंग सप्लायरचं आहे.’ त्याऐवजी म्हटलं, ‘हो, आणि सप्लायरला खाचेचे ट्रे दिले तर?’ पुढचं वाक्य स्टोअरवाल्याचं होतं, त्याच्या पुढचं पर्चेसचं. पिन पुढे बसलीच, कारण कस्टमरला पोका-योके दाखवावी लागते. पण ट्रे आधी आले आणि उलटे जॉब जवळपास थांबले. हे शिबिरामुळेच झालं असं छातीठोक म्हणत नाही. ऑपरेटर हुशार होता.

शिबिराच्या खोडीही सांगतो. पहिल्या दिवशी वाघाची डरकाळी फोडायला लावतात, आणि चाळिशीच्या माणसाला ती सहज फुटत नाही. सगळा भार शिबिर घेणाऱ्यावर असतो. तो चांगला नसेल तर ते लहान मुलांचं स्नेहसंमेलन होतं. आमच्याकडे शिबिर घेणारी मुलं पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी लागल्या की दिसेनाशी व्हायची. अप्रेझलला दाखवायला कागद मिळत नाही. क्लबमध्ये पायऱ्या असतात, प्रमाणपत्रं असतात, पदं असतात, आणि बॉसला ते वाचता येतं. खर्चाचंही तसंच. टोस्टमास्टर्सची आंतरराष्ट्रीय वर्गणी 2023 च्या ऑक्टोबरपासून सहा महिन्यांना 60 डॉलर, वर क्लबची असेल ती. कंपनीचा स्वतःचा क्लब असेल तर बरेचदा कंपनी भरते. शिबिराची फी खिशातून जाते. आणि ‘हो, आणि’ सगळीकडे चालत नाही. सप्लायर डेव्हिएशन मागत असेल, म्हणजे मापात न बसणारा माल चालवून घ्या म्हणत असेल, तेव्हा ‘नाही’ म्हणावं, स्वच्छ आवाजात. तो आवाज मला क्लबने दिला, हे मान्य करतो.

तरीही आज एकच निवडायला सांगितलं तर मी बहुधा शिबिराकडे झुकेन. ज्यांना रोज बोलण्यापेक्षा बोलतं करावं लागतं, म्हणजे क्वालिटी, मेंटेनन्स, एचआर, सपोर्ट, त्यांनाही तेच सुचवेन. टाऊनहॉल, क्लायंट प्रेझेंटेशन, परदेशी ऑडिटर हे ज्यांचं रोजचं आहे त्यांनी क्लबच धरावा. दोन्ही करायचं झालं तर आधी क्लब, मग शिबिर. घसा मोकळा झालेला माणूस गोलात कमी लाजतो.

क्लबच्या सभेला पाहुणा म्हणून जाऊन मागे बसून अंदाज घेता येतो, तो आधी घ्या. शिबिरात बघ्याला जागा नसते, पहिल्या मिनिटाला गोलात ओढतात. त्यामुळे नाव घालण्याआधी घेणाऱ्याला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: शेवटी प्रयोग करणार आहात का, आणि बॅच केवढी आहे. प्रयोग करणार असतील तर निम्मा वेळ तालमीत जाईल. ते नाटक शिकणाऱ्यांसाठी ठीक, आपल्याला नको. बॅच पंधरा-वीसच्या वर असेल तर पुढच्या बॅचपर्यंत थांबा. गुडघे दुखत असतील तर तेही फोनवरच सांगा, जमिनीवर बरंच बसवतात.