परभणीतील पिंजारी दुकान : जुन्या रजयांचा कापूस पुन्हा पिंजून घेण्याचा अनुभव

परभणीची थंडी बाहेरगावच्या पाहुण्यांना खरी वाटत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र राहून उत्तरेचे कोरडे वारे सुटले, की जमिनीतली ऊब रात्रीतून निघून जाते आणि कृषी विद्यापीठातील किमान तापमानाची नोंद एक आकडी होते. आमच्या घराच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत व तेथे पहाटे सासूबाईंचे गुडघे आखडतात, म्हणून गेल्या हिवाळ्यापूर्वी नवी पांघरुणे न घेता घरातील दोन जुन्या, दबून सतरंजीसारख्या झालेल्या रजया आमच्या भागातील एका पिंजारी दुकानात दिल्या.

दुकान म्हणजे एक खोली, पिंजण्याचे यंत्र आणि टाके घालण्यासाठी पुढचा ओटा. चाचांनी खोळ उसवली, कापसाची एक मूठ घट्ट आवळली आणि तळहात उघडला. तो कापूस हळूहळू फुगून वर आला, तेव्हा त्यांनी "हा चांगला आहे" असे सांगितले. उशाकडचा, डोक्याच्या तेलाने पिवळा पडलेला भाग मात्र मुठीत दाबल्यावर तसाच गोळा होऊन राहिला, म्हणून तो त्यांनी बाजूला काढला. रजईची ऊब कापसाच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळे असते आणि कापूस दबला की ती हवा उरत नाही, हे मला त्या एका मुठीत समजले.

व्यवहार चोख होता. पिंजण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा आमच्यासमोर वजन केले, निघालेली धूळ व तुटका कापूस वेगळ्या पिशवीत भरून दाखवला आणि घट भरून काढण्यासाठी गावरान कापूस घातला. हा कापूस आखूड व जाड धाग्याचा असल्याने लवकर बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. एक हिवाळा वापरल्यावर मलाही तसेच वाटते.

दोन तक्रारी मात्र नोंदवल्याच पाहिजेत. चार दिवसांत देतो म्हणून सांगितलेल्या रजया अकराव्या दिवशी मिळाल्या, आणि थंडीची पहिली लाट नेमकी त्याच दिवसांत आल्याने सासूबाईंना दोन चादरी जोडून भागवावे लागले. शिवाय एका रजईच्या पायाकडील टाके वीतभर अंतरावर घातले होते, त्यामुळे तीन आठवड्यांत कापूस सरकून कोपऱ्यात गोळा झाला. ती रजई परत नेल्यावर चाचांनी वाद न घालता सगळे टाके उसवून चार-चार बोटांवर पुन्हा घातले व त्याचे पैसे घेतले नाहीत.

या खर्चात खोली गरम करणारा हीटर येऊ शकला असता, परंतु दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो आणि वीज गेली की निरुपयोगी ठरतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा विचारही करू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

ज्यांना रजया पिंजून घ्यायच्या आहेत त्यांनी त्या दसऱ्यालाच टाकाव्यात, कारण दिवाळीनंतर या दुकानात ओटाभर गाठोडी पडलेली असतात. देताना टाक्यांतले अंतर बोटांनी मोजून सांगावे, आणि रजई घरी आल्यावर दोन दिवस कडक उन्हात घालून मगच अंगावर घ्यावी.