पाठीच्या पाण्याचं १४ जंतूंचं पॅनेल: आयसीयूतून मागवण्याआधी

ठाणे काय, नवी मुंबई काय, आयसीयूत मेंदूज्वराचा संशय आला की 'पॅनेल पाठवून द्या' हे हल्ली पटकन म्हटलं जातं. पॅनेल म्हणजे बायोफायरचं मेनिंजायटिस-एन्सेफलायटिस पॅनेल. चाचणी चांगली आहे. चुकतं ते बहुधा मागवणाऱ्याचं.

पाठीचं पाणी (सीएसएफ, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) लागतं फक्त २०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम चार थेंब. पाऊचमध्ये, म्हणजे चाचणीच्या बंद पाकिटात, आधी निळ्या व्हायलमधलं द्रावण, मग लाल व्हायलमधून सँपल. आत निर्वात असल्याने दोन्ही आपोआप ओढली जातात. तासाभरात १४ जंतूंचं उत्तर येतं: ६ बॅक्टेरिया, ७ विषाणू, १ बुरशी. ताप आणि आखडलेली मान घेऊन घरून आलेल्या पेशंटला आधीच दोन दिवस अँटिबायोटिक झालेलं असेल, तर कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) कोरं येतं. अशा वेळी न्यूमोकोकस या जंतूचा डीएनए पॅनेलमध्ये सापडू शकतो. अशा पेशंटसाठी पाचपैकी चार तारे. एक कापला तो हर्पिससाठी: पहिल्या तीन दिवसांत निगेटिव्ह आलं, तरी लक्षणं जुळत असतील तर असायक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध थांबवू नका, पाणी पुन्हा काढून तपासा.

मेंदूच्या ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी तापलेल्या, ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेरच्या पिशवीत काढणारी नळी) असलेल्या पेशंटसाठी मात्र एकच तारा. बॅक्टेरियांची यादी वाचली की कारण कळतं: न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, लिस्टेरिया, ग्रुप बी स्ट्रेप आणि ई. कोलायचा फक्त के१ प्रकार. रुग्णालयात नळीवाटे शिरणारे असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्युडोमोनास, स्टॅफिलोकोकस यांतलं एकही नाव त्यात नाही. शरीरात बसवलेल्या शंट-ड्रेनमधल्या सँपलसाठी ही चाचणी नाही, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकातच आहे. तरी 'पॅनेल निगेटिव्ह' वाचून मेरोपेनेम हे अँटिबायोटिक बंद करण्याचा मोह होतो. शिवाय टीबी नाही, डेंगी नाही, जपानी मेंदूज्वर नाही; पावसाळ्यात आपल्याकडे हे फार महागात पडतं. टीबीसाठी एक्सपर्ट अल्ट्रा ही टीबीचा डीएनए शोधणारी चाचणी वेगळी पाठवायची, तिला चार थेंब पुरत नाहीत, ६ मिली तरी द्या. आणि तीही निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं होत नाही.

ईव्हीडीच्या पेशंटचं पाणी पिशवीतून घेऊ नका, तिथे ते तासन् तास साठलेलं असतं. डोक्याजवळचा पोर्ट अल्कोहोलने घासा, वाळू द्या, मग हळूच काढा. रोजच्या रोज तपासणी नकोच. नळी जितकी उघडाल तितका जंतूंना रस्ता. तपासायला पाठवा: पेशी, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), प्रोटीन, लॅक्टेट, कल्चर, आणि साखर पाठवताना त्याच वेळची रक्तातली साखरही. लॅक्टेट लिटरमागे ४ मिलिमोलच्या वर गेलं तर संशय बळावतो, पण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका. कल्चर १० दिवस ठेवायला लॅबला आवर्जून सांगा. क्युटिबॅक्टेरियम हा जंतू सावकाश वाढतो आणि पाचव्या दिवशी 'नो ग्रोथ' लिहून प्लेट टाकली की तो सुटलाच.

खरी वाट लागते ती सँपल लॅबला नेणाऱ्या पिकअपमध्ये. सगळ्या नळ्या एकाच बर्फाच्या डब्यात! पॅनेलची नळी थंडीत चालते, कल्चरची नाही. मेनिंगोकोकस, हिमोफिलस गारठ्यात मरतात. ती नळी खोलीच्या तापमानालाच ठेवायची. पेशींची मोजणी तर रुग्णालयाच्या स्वतःच्या लॅबमध्येच, तासाभरात उरका. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तासात साधारण एक तृतीयांश फुटतात, दोन तासांत निम्मे. घोडबंदर रोडवरून निघालेली बाइक ऐरोली पुलाच्या गर्दीत अडकली, की पलीकडच्या लॅबचा 'पेशी कमी' हा रिपोर्ट वाहतुकीचा असतो, पेशंटचा नसतो.

पाऊच भरणाऱ्याने मास्क लावलाच पाहिजे. न्यूमोकोकस निरोगी माणसाच्या घशातही असतो, शिंतोडा उडाला की खोटं पॉझिटिव्ह. ओठावर तापाचा फोड असलेल्याने त्या दिवशी हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

फॉर्मवर नुसतं 'सीएसएफ' लिहू नका. 'ईव्हीडी, नववा दिवस' असं लिहा. म्हणजे जाणता टेक्निशियन पाऊच फोडण्याआधी वॉर्डला फोन करील.