१५.६ की १४? तिरके इंच सोडा, उंची मोजा

कोल्हापुरात राजारामपुरीत लॅपटॉप बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "१४ पाहिजे का १५.६?" हे इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, तिरके. वाचण्या-लिहिण्याचं काम मात्र उभ्या उंचीवर चालतं, आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

टेप लावून बघा. १६:९ आकाराचा (म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची ९ भाग) १५.६ इंची स्क्रीन ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच भरतो. १६:१० चा १४ इंची भरतो ३०.२ बाय १८.८. रुंदीत चार सेंमीहून जास्त फरक, उंचीत जेमतेम सहा मिलिमीटर! केएमटी बसमध्ये सॅक मांडीवर घेऊन उभ्या-आडव्या गर्दीत बसणाऱ्या पोरांना ते चार सेंमी जाणवतात. पीडीएफ वाचताना सहा मिलिमीटर कुणाला कळतही नाहीत. कॉलेजसाठी हा १६:१० चा १४ इंचीच घ्या. १६:९ चा १४ इंची मात्र नको. उंची १७.४ वर येते, त्यातून टास्कबार आणि वर्डची रिबन (वरची बटणांची पट्टी) गेली की उरते ती फट.

टॅलीत दिवसभर आकडे मारणाऱ्याचं गणित वेगळं. १४ इंचीत नंबरपॅड सहसा नसतो. त्याने १६:१० चा १६ इंची बघावा. रुंदी १५.६ इंचीएवढीच, पण उंची २१.५ सेंमी. आडवा ए-फोर कागद स्क्रीनवर ठेवून बघा, मावतो. उद्यमनगरात कॅडवर ड्रॉइंग काढणाऱ्यांनाही हाच सोयीचा. खोट एकच, नंबरपॅडमुळे टचपॅड डावीकडे सरकतो.

आता रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे किती पिक्सेल (बारीक ठिपके) आहेत ते. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० घेतला की १२० पिक्सेल उंची वाढते. एक्सेलची एक रो साधारण २० पिक्सेलची, म्हणजे सहा रो जादा. पण हे स्केल (अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची ते) १०० टक्के असताना. १४ इंचीवर तेवढ्या बारीक अक्षरात मराठीचे रफार आणि अनुस्वार शोधावे लागतात, मग स्केल १५० करायचं आणि फायदा चार रोवर येतो. "हायर रिझोल्यूशन आहे" म्हणून २८८० बाय १८०० गळ्यात मारतात, तिथंही स्केल बघा. २०० टक्क्यांवर त्यात १४४० बाय ९०० एवढीच जागा उरते. अक्षर सुबक, पण १२५ टक्क्यांवरच्या १९२० बाय १२०० पेक्षा मजकूर कमी मावतो. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग स्केल. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून अक्षर सारख्याच आकाराचं करा आणि एक्सेलची शेवटची दिसणारी रो कितवी ते वाचा.

३:२ चा १३.५ इंची वाचायला लई भारी, १९ सेंमी उंच. १६:९ चा व्हिडिओ लावला की वर-खाली दीड-दीड सेंमी काळी पट्टी. मॉडेल मोजकी आणि महाग.

घ्यायच्या आधी स्क्रीन फुटल्यावर नवा पॅनल केवढ्याला आणि किती दिवसांत, हेही विचारून ठेवा. १६:९ चा १५.६ इंची पॅनल सहज मिळतो, ३:२ चा बहुधा मागवावाच लागतो.